रुळांवरचा मृत्यू, पोलिसांचा तपास आणि खोळंबलेल्या गाड्या

रेल्वेमार्गावर एखाद्या माणसाचा मृत्यू झाला की त्याच क्षणापासून दोन कामे एकाच जागेवर हक्क सांगू लागतात. मृत्यू कसा झाला हे पोलिसांना शोधायचे असते आणि त्यासाठी ती जागा जशीच्या तशी राहायला हवी असते. रेल्वेला गाड्या सोडायच्या असतात आणि त्यासाठी तीच जागा मोकळी हवी असते. मागे गाड्यांची रांग लागते, फलाटांवर गर्दी वाढत जाते, नियंत्रण कक्षातले फोन थांबत नाहीत, आणि घटनास्थळी उभ्या असलेल्या पोलीस अधिकाऱ्याला दर काही मिनिटांनी एकच प्रश्न विचारला जातो : अजून किती वेळ लागेल? खोळंबलेल्या गाडीत बसलेल्यांना हा उशीर अन्यायकारक वाटतो, तर मृताच्या घरच्यांना पुढे आयुष्यभर वाटत राहते की त्या दिवशी कुणालाच आपल्या माणसापाशी थांबायला वेळ नव्हता. मला या दोन्ही तक्रारी खऱ्या वाटतात. मात्र तपास नीट करायचा तर गाड्या अडणारच आणि गाड्या लवकर सोडायच्या तर तपास उरकावाच लागणार, हा जो समज रूढ आहे तो मला पटत नाही. निरनिराळ्या देशांतल्या अपघातांचे अहवाल आणि वृत्तान्त वाचत गेल्यावर दिसते ते असे, की जिथे निर्णय कोणी घ्यायचा हे आधीपासून ठरलेले असते तिथे दोन्ही कामे बऱ्यापैकी होतात, आणि जिथे ते ठरलेले नसते तिथे गाड्याही अडकतात व पुरावाही हातचा जातो.

त्या पहिल्या तासात प्रत्यक्ष काय काय करावे लागते, ते आधी पाहू. सर्वांत पहिले काम सुरक्षिततेचे. शेजारच्या रुळांवरून येणाऱ्या गाड्या थांबवणे, गरज असेल तर ओव्हरहेड वायरचा किंवा विद्युत रुळाचा पुरवठा बंद करणे आणि तो बंद झाल्याची खात्री करून घेणे. ही खात्री होईपर्यंत डॉक्टर असो वा पोलीस, कुणालाही रुळांवर उतरता येत नाही. जखमी व्यक्ती जिवंत असण्याची थोडीशी जरी शक्यता असेल तरी बाकी सर्व कामे मागे पडतात, आणि तसेच व्हायला हवे. त्यानंतर तपास सुरू होतो. चालकाने काय पाहिले, त्याने ब्रेक कुठे लावला, शिटी दिली का, गाडी नेमकी कोणत्या खांबापाशी थांबली, मृत व्यक्तीचे सामान कुठे पडले आहे, कुंपण तुटलेले आहे का, फलाटाच्या टोकाला कोण उभे होते, या सर्वांची नोंद करायची असते. यांतल्या काही गोष्टी कुठेही पळून जात नाहीत. गाडीच्या नोंदयंत्रातला वेगाचा आलेख, इंजिनावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण, स्थानकावरचे चित्रण, चालकाचा जबाब हे सगळे गाड्या सुरू झाल्यानंतरही मिळवता येते. ते ताब्यात घेण्याची व्यवस्था झाली की पुरे. काही गोष्टी मात्र पहिली गाडी त्या जागेवरून गेली की कायमच्या नाहीशा होतात : वस्तूंची मूळ जागा, खडीवरच्या खुणा, रुळावरचे ओरखडे, सैल झालेल्या बोल्टची स्थिती. नाशिवंत पुरावा आधी आणि टिकाऊ पुरावा नंतर, हा क्रम ज्या अधिकाऱ्याच्या अंगवळणी पडलेला असतो तो कमी वेळात अधिक काम करतो, आणि त्यासाठी त्याला कुणाचा दबाव सोसावा लागत नाही.

ब्रिटनमध्ये रेल्वेसाठी स्वतंत्र पोलीस दल आहे, ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलीस. रुळांवरचा मृत्यू कळला की तिथे पोहोचलेल्या अधिकाऱ्यांनी त्याची वर्गवारी करायची असते : कारण उघड आहे, कारण स्पष्ट होत नाही, की मृत्यू संशयास्पद आहे. कारण उघड असेल आणि घातपाताची शंका नसेल तर साधारण ९० मिनिटांत मार्ग मोकळा करण्याचे उद्दिष्ट या दलाने स्वतःसमोर ठेवले. मृत्यू संशयास्पद ठरला तर हे घड्याळ लागू होत नाही. ती जागा गुन्ह्याची जागा मानली जाते आणि लागेल तितका वेळ घेतला जातो. मला ही पद्धत तत्त्वतः योग्य वाटते, कारण तिच्यात वेळेचे बंधन तपासावर सरसकट लादलेले नाही, ते वर्गवारीनंतर येते. वर्गवारीचा अधिकारही पोलिसांकडे आहे, गाड्या चालवणाऱ्यांकडे नाही.

पण या ९० मिनिटांतला बराच भाग तपासात जातच नाही, तो माणसे पोहोचण्यात जातो. घटना दोन स्थानकांच्या मधे घडलेली असते, जवळचा रस्ता दूर असतो, त्यात खोळंब्यामुळे रस्त्यावरची वाहतूकही वाढलेली असते. पोलीस पोहोचतात तेव्हा वीज बंद करणारा अभियंता आलेला नसतो; अभियंता येतो तेव्हा मृतदेह हलवणारे आलेले नसतात. लंडनमध्ये यावर एक साधा उपाय करण्यात आला : रेल्वेचे तंत्रज्ञ आणि पोलीस एकाच वाहनातून निघतात, वाहन पोलीस चालवतात, आणि त्यामुळे त्यांना निळा दिवा लावून वाहतुकीतून वाट काढता येते. या उपायाने तपासाचे एक मिनिटही कमी होत नाही, तरी मार्ग लवकर खुला होतो. वेळ वाचवायचा असेल तर तो इथे वाचवावा. पाहणीच्या वेळेला कात्री लावणे सोपे असते, कारण त्याला खर्च येत नाही. माणसे, वाहने आणि प्रशिक्षण यांना खर्च येतो. म्हणूनच ‘पोलिसांनी लवकर आटपावे’ असा आग्रह धरणाऱ्या प्रशासनाला आधी विचारायला हवे की घटनास्थळी पहिला अधिकारी पोहोचायला सरासरी किती वेळ लागतो.

वर्गवारीविषयी आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. रुळांच्या कडेला उभे राहून केलेली ही वर्गवारी म्हणजे मृत्यूच्या कारणाचा निवाडा नव्हे. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो निवाडा मृत्यू-चौकशी करणारा कॉरोनर नंतर, सर्व साक्षीपुरावे पाहून देतो. आत्महत्येचा निष्कर्ष काढण्यासाठी किती भक्कम पुरावा लागावा यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला होता आणि २०२० मध्ये त्यावर निकाल लागला. ज्या प्रश्नावर न्यायालयांना इतका विचार करावा लागतो त्याचे अंतिम उत्तर रात्रीच्या अंधारात, पावसात, मागे गाड्यांची रांग असताना दिले जाईल अशी अपेक्षा कुणी करू नये. अधिकाऱ्याने तिथे एवढेच ठरवायचे असते की ही जागा अडवून ठेवल्याने पुढच्या तपासाला काही मिळणार आहे का. उत्तर ‘नाही’ असे असेल तर मार्ग सोडावा. उत्तर ‘माहीत नाही’ असे असेल तर ‘माहीत नाही’ म्हणण्याची मोकळीक त्याला असावी.

भारतात रचना वेगळी आहे. रेल्वे सुरक्षा बल केंद्राचे, तर गुन्ह्यांचा आणि मृत्यूंचा तपास करणारे लोहमार्ग पोलीस राज्याचे. अनैसर्गिक मृत्यूचा पंचनामा पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन, नातेवाइकांचे जबाब हा क्रम ठरलेला आहे. जिथे दर काही मिनिटांनी गाडी धावते अशा उपनगरी मार्गांवर मात्र व्यवहार असा पडला आहे, की स्थानकाचे कर्मचारी जखमीला किंवा मृताला आधी उचलतात आणि पोलिसांचे कागद मागाहून होतात. जखमीच्या बाबतीत हे शंभर टक्के बरोबर आहे, त्याला क्षणभरही रुळांवर ठेवू नये. मृताच्या बाबतीत माझी एक आग्रहाची मागणी आहे : देह हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे आणि सलग चित्रण झालेच पाहिजे, आणि ते कुणी, किती वाजता केले याची नोंद राहिली पाहिजे. या कामाला काही मिनिटेच लागतात आणि प्रत्येक स्थानकात कुणाच्या तरी खिशात मोबाइल असतोच. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १२४अ नुसार गाडीतून पडून मृत्यू आल्यास वारसांना भरपाई मिळते, आणि त्याच कलमात आत्महत्येला ती नाकारलेली आहे. रेल्वे दावे न्यायाधिकरणापुढे मृत व्यक्ती गाडीतून पडली की रूळ ओलांडताना गेली यावर वर्षानुवर्षे वाद चालतात. त्या कुटुंबाच्या दृष्टीने देह कुठे आणि कसा पडला होता हा तांत्रिक तपशील राहत नाही, घर चालण्याचा प्रश्न त्यावर अवलंबून असतो.

आता दुसरी बाजू. गाड्या लवकर सुरू करण्यामागे केवळ वेळापत्रकाची काळजी असते असे मानणे चुकीचे ठरेल. दोन स्थानकांच्या मधे अडकलेल्या गाडीत दारे बंद, वातानुकूलन बंद, स्वच्छतागृह नाही, कुणाला श्वास लागलेला, कुणी गरोदर, कुणी लहान मुलाला घेऊन उभे, अशी माणसे असतात. काही वेळ ती थांबतात, मग कुणीतरी दार उघडते आणि लोक रुळांवर उतरू लागतात. २ मार्च २०१८ रोजी लंडनच्या लुइशॅम भागात बर्फामुळे गाड्या अडकल्या तेव्हा प्रवासी असेच उतरले, आणि तिथल्या मार्गावर विजेचा प्रवाह जमिनीलगतच्या रुळातून वाहतो. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पुष्पक एक्स्प्रेसमधून आगीच्या अफवेने लोक खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीखाली किमान १२ जण मृत्युमुखी पडले. या दोन्ही घटनांचे कारण मृत्यूचा तपास हे नव्हते, तरी थांबलेल्या गाडीतून खाली उतरणे किती घातक असते ते त्यांतून कळते. एका मृत्यूची चौकशी करताना दुसऱ्या मृत्यूला वाट करून देणे कोणत्याही पोलिसाला परवडणारे नाही. म्हणून मार्ग खुला करण्याआधीचा टप्पा महत्त्वाचा ठरतो : मागच्या गाड्या जवळच्या फलाटापर्यंत नेणे, बाधित नसलेल्या रुळावरून सावकाश गाड्या सोडणे, प्रवाशांना खरे कारण आणि खरा अंदाज सांगणे. पोलीस जागा धरून असतानाही यांतले बरेच काही करता येते. सगळे बंद किंवा सगळे सुरू अशा दोनच शक्यता धरून चालणारा नियंत्रण कक्ष स्वतःच्याच अडचणीत भर घालतो.

हे झाले एकट्यादुकट्या मृत्यूबद्दल. मोठ्या अपघातात हाच प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तिथे रेल्वे स्वतः संशयाच्या फेऱ्यात असते आणि तरीही ढिगारा उपसणारी यंत्रे तिच्याच हुकमाने चालतात. चीनमध्ये २३ जुलै २०११ च्या रात्री वेंझूजवळ एक वेगवान गाडी दुसरीवर मागून आदळली, डबे पुलावरून खाली कोसळले, ४० जण गेले. दीड दिवसाच्या आत त्या मार्गावर गाड्या पुन्हा धावू लागल्या. इंजिनाचा मोडलेला भाग त्याच जागी खड्डा खणून पुरण्यात आला. लोकांचा संताप उसळल्यावर तो पुन्हा उकरून काढावा लागला. जिवंत कुणी उरले नाही असे जाहीर झाल्यानंतर एक लहान मुलगी डब्यातून जिवंत सापडली, अपघाताला तेव्हा वीसहून अधिक तास उलटले होते. पुढे सरकारी चौकशीत सिग्नल यंत्रणेच्या रचनेतले दोष आणि व्यवस्थापनाची ढिलाई उघड झाली. तरीही लोकांच्या मनात पुरलेले इंजिनच राहिले, आणि त्याला लोकांचा दोष नाही.

ग्रीसमधली गोष्ट याहून बोलकी आहे. २८ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री टेंपी येथे प्रवासी गाडी आणि मालगाडी समोरासमोर धडकल्या, ५७ जण मृत्युमुखी पडले, त्यांत विद्यार्थी बरेच होते. काही दिवसांतच तिथली माती उचलली गेली आणि वर खडी पसरण्यात आली. धडकेनंतर आगीचा प्रचंड लोळ उठला होता. तो कशाचा, मालगाडीत काही ज्वलनशील होते का, हा प्रश्न कुटुंबीयांनी लावून धरला, पण त्याचे उत्तर ज्या मातीत सापडले असते तीच तिथे उरली नव्हती. ग्रीसच्या स्वतंत्र अपघात तपास संस्थेने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात घटनास्थळ सुरक्षित न राखल्यामुळे महत्त्वाची माहिती गमावली गेल्याचे नमूद केले, आणि दुसऱ्या वर्षश्राद्धाला देशभर लाखो लोक रस्त्यांवर आले. विशेष म्हणजे तिथे गाड्या सुरू करण्याची निकडही नव्हती, सेवा पुढे काही आठवडे बंदच होती. म्हणजे वाहतुकीचे कारणसुद्धा नसताना जागा साफ झाली. कुणी मुद्दाम पुरावा नष्ट केला की कामाच्या सवयीने ते घडले, यावर मी मत देणार नाही. पण तो निर्णय कुणी, कोणत्या अधिकारात घेतला याचा वादातीत कागद त्या कुटुंबांच्या हाती पहिल्याच दिवशी पडला असता तर त्यांना रस्त्यावर उतरून तो मागावा लागला नसता.

पुरावा किती बारीक असू शकतो हे इंग्लंडमधल्या पॉटर्स बार येथील अपघाताने दाखवून दिले. १० मे २००२ रोजी तिथे गाडी सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवण्याच्या जागी, घसरली आणि सात जणांचा मृत्यू झाला. सांध्याच्या सळ्यांवरच्या नटा जागेवर नव्हत्या. मार्गाच्या देखभालीचे कंत्राट असलेल्या कंपनीने घातपाताची शक्यता पुढे केली. ती खरी की खोटी हे ठरवायचे कसे? नट गाडी जाण्यापूर्वीच सैल होती की चाकाच्या धक्क्याने निघाली, आट्यांवर जुना गंज आहे की ताज्या खुणा, हे पाहूनच. त्याच परिसरातल्या इतर सांध्यांचीही तपासणी झाली आणि तिथेही देखभालीत हलगर्जी आढळली, तेव्हा घातपाताच्या तर्काचा पाया गेला. हे सगळे त्या जागेवर आणि तिच्या आसपास शांतपणे काम करता आले म्हणूनच शक्य झाले.

याच्या उलट, जागा लवकर सोडूनही पुरावा राखता येतो याचे उदाहरण आपल्याकडचे आहे, जरी ते पूर्णपणे निर्दोष नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे तीन गाड्यांच्या अपघातात २९० हून अधिक माणसे गेली आणि ५१ तासांत तिथून पुन्हा गाडी गेली. केंद्रीय अन्वेषण विभागाने ६ जूनला गुन्हा नोंदवला, म्हणजे रूळ पुन्हा जोडले गेल्यानंतर. वरवर पाहता घाईच वाटते. पण या अपघाताचे मूळ मोडलेल्या डब्यांत नव्हते, ते सिग्नलच्या तारांच्या जोडणीत होते, आणि ती जोडणी रिले रूममध्ये, म्हणजे स्थानकाच्या सिग्नलची विद्युत यंत्रणा असलेल्या खोलीत, व फाटकाजवळच्या सिग्नलच्या खोलीत शाबूत होती. तपास संस्थेने नोंदवह्या ताब्यात घेतल्या, रिले रूम सीलबंद केली, आणि त्या स्थानकावर गाड्यांनी थांबू नये असे ठरले. गाड्या मात्र तिथून पुढे जात राहिल्या. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीतही जोडणीतल्या चुकांवरच बोट ठेवले गेले. पुरावा कुठे आहे हे लवकर ओळखता आले तर बाकीची जागा सोडता येते, हा यातला धडा मला मोलाचा वाटतो. जे खटकते ते असे, की गुन्ह्याचा तपास करणारी यंत्रणा येईपर्यंतच्या चार दिवसांत त्या खोल्यांच्या किल्ल्या कुणाकडे असाव्यात हे कायद्याने स्पष्ट असायला हवे. ज्याच्या कामाची चौकशी व्हायची त्याच्याच विभागाकडे किल्ली राहिली तर, गैर काहीही घडले नसले तरी, शंका राहतेच.

जपानमध्ये वेगळाच मार्ग निवडला गेला. २५ एप्रिल २००५ रोजी अमागासाकी येथे वळणावर गाडी रुळांवरून उतरून एका इमारतीत घुसली, चालकासह १०७ जणांचा मृत्यू झाला, आणि तो मार्ग १९ जूनपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ आठवडे बंद राहिला. गाडी आपोआप थांबवणारी नवी यंत्रणा बसवल्यानंतरच तो खुला झाला. या अपघाताचा संबंध थेट उशिराशी होता : गाडी सुमारे ९० सेकंद मागे पडली होती, आणि उशीर करणाऱ्या चालकांना अपमानास्पद ‘पुनर्प्रशिक्षण’ सोसावे लागे, त्याची धास्ती चालकाच्या मनावर होती असे चौकशीत पुढे आले. उशिराची भीती माणसांच्या जिवावर उठते हे जिथे इतक्या स्पष्टपणे दिसले, तिथे मार्ग खुला करण्याची घाई झाली नाही हे उचितच झाले.

ही भीती खालच्या पातळीपर्यंत झिरपते. ब्रिटनमध्ये उशिराच्या प्रत्येक मिनिटाची जबाबदारी कुणावर तरी टाकली जाते आणि त्यानुसार कंपन्यांमध्ये पैशांची देवाणघेवाण होते. अशा व्यवस्थेत घटनास्थळावरच्या अधिकाऱ्याच्या कानावर आकडे पडत राहणे अटळ आहे. म्हणून तपासाचा अधिकार कुणाकडे आहे यापेक्षाही तो अधिकार वापरणाऱ्याला रेल्वेच्या हिशोबापासून किती दूर ठेवले आहे हे पाहावे लागते. लॅडब्रोक ग्रोव्ह येथे ५ ऑक्टोबर १९९९ रोजी ३१ जणांचा बळी गेल्यानंतर ब्रिटनने रेल्वे अपघात तपासाची स्वतंत्र शाखा उभारली, ती २००५ पासून काम करते. तिचे काम कारणे शोधण्याचे, दोषी ठरवण्याचे नाही. भारतातले रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाऐवजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत, तेही याच विचाराने. मोठ्या अपघातांसाठी हे अंतर राखले जाते. रोजच्या एकेकट्या मृत्यूंसाठी मात्र ते कुठेच नीट राखले जात नाही, आणि एकत्र मोजले तर माणसे त्या मृत्यूंतच अधिक जातात.

मला हवा असलेला बदल एका पानाचा आहे. मार्ग पुन्हा रेल्वेच्या ताब्यात देताना पोलीस अधिकाऱ्याने एक पान भरावे : मी किती वाजता पोहोचलो, मृत्यूची वर्गवारी काय केली आणि कशावरून, काय ताब्यात घेतले, कशाचे चित्रण केले, काय पाहायचे राहिले, आणि किती वाजता, कुणाच्या विनंतीवरून मार्ग सोडला. खाली पोलिसाची आणि रेल्वेच्या अधिकाऱ्याची सही. त्याची एक प्रत मृताच्या वारसांना, त्यांनी न मागता, मिळावी. ‘काय पाहायचे राहिले’ हा रकाना भरताना अधिकारी क्षणभर थांबेल, आणि कधीकधी तो परत वळून ती गोष्ट पाहून येईल. त्याला लागणारी पाच मिनिटे प्रवाशांनी द्यावीत असे मला मनापासून वाटते. चालकाच्या नावाने त्यात एक वेगळी ओळ असावी : त्याला कामावरून मोकळे केले का, आणि त्याच्याशी कोण बोलले. गाडी थांबवण्याचा प्रयत्न करूनही ती थांबणार नाही हे ज्याला सर्वांत आधी कळलेले असते, त्याच्याकडून त्याच तासात जबाबही घ्यायचा आणि गाडीही पुढे न्यायला लावायची, असे आजही काही ठिकाणी घडते. दुसरा चालक येईपर्यंत होणारा उशीर तपासाच्या खात्यात टाकू नये.